मान्सून अंदमानात दाखल, आणि तुम्हीही?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणारे गृहस्थ 46 वर्षांचे, बाजारात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीत. आई 71 वर्षांची, माळकरी. गुडघे दुखतात, पण बोलून दाखवत नाही. दहावी झाली की अंदमानला नेईन, असा शब्द त्यांनी लेकीला दिलाय. घरातल्या कुणीच अजून समुद्र पाहिलेला नाही. एका एजंटाने 18 मे रोजी निघणारं सहा रात्रींचं पॅकेज सांगितलंय: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग, 'ऑफ सीझन'ची सूट धरून माणशी 38 हजार. प्रश्न दोन आहेत. आईला न्यायचं की पाथरीला बहिणीकडे ठेवायचं? आई म्हणते, "मी कशाला? तुम्ही जा. येताना देवासाठी एक शंख आणा." दुसरा प्रश्न त्यांना जास्त टोचतो. धाकटा भाऊ गावाकडे शेती करतो. गेल्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत त्याचं सोयाबीन पाण्यात गेलं, दुकानाची उधारीही त्याच्याकडे थकली आहे. "अशा वर्षी मी विमानात बसलो तर भाऊ काय म्हणेल, गाव काय म्हणेल? जावं की पुढच्या वर्षावर ढकलावं?"

उत्तर

भावाबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, आईबद्दल एक. तारखेबद्दल एकच ओळ आहे: 'मेमध्ये सगळ्यांना सुट्टी असते म्हणून.' मी मात्र त्याच ओळीवर अडले, तेव्हा तिथूनच सुरू करते.

सगळ्यांना सुट्टी असते हे खरं. तुम्हाला असते का? माझ्या मामांचं खत-बियाण्याचं दुकान होतं, त्यामुळे तो महिना मी जवळून पाहिलाय. मेच्या वीस तारखेच्या आगेमागे पेपरात बातमी यायची, 'मान्सून अंदमानात दाखल'. पहिलं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मामांनी गोडाऊनची किल्ली कमरेला लावलेली असायची. पुढे रोहिण्या, मग मृग. डीएपी खताची गाडी कधी लागणार, अमक्या वाणाच्या बॅगा किती आल्या, उधार मिळेल का, हेच सकाळ-संध्याकाळ. त्या तीन आठवड्यांत मामांनी घरात लग्नाचा विषयसुद्धा काढू दिला नाही. तुमचं वेगळं असेल असं वाटत नाही. म्हणजे ज्या बातमीवर तुमचा वर्षाचा धंदा उभा राहतो, त्या बातमीच्या ऐन खाली तुम्ही आईला आणि लेकरांना घेऊन उभे राहणार, आणि इकडे दुकानात नोकर एकटा.

तिकडे मोसमी पाऊस साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो. 2025 साली तर 13 मेलाच पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं होतं. तिथला पाऊस म्हणजे आपल्यासारखा ढगांकडे डोळे लावून बसायला लावणारा नव्हे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आपल्याकडच्या तिपटीहून जास्त. पाऊस आला की समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होतं आणि ज्या निळ्याशार पाण्याचे फोटो दाखवून पॅकेज विकलं जातं ते पाणी दिसत नाही. एजंट खोटं बोललेला नाही. सीझन 'ऑफ' का असतो एवढंच त्याने सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. बियाण्याच्या बॅगेवरची मुदत बघितल्याशिवाय तुम्ही माल उतरवून घेत नाही. इथेही तेच करायचं होतं.

मग जायचं कधी? तुमच्या घरासाठी एप्रिलचा शेवटचा आठवडा. लेकीची परीक्षा मार्चातच संपते, मुलाचे पेपर एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उरकतात, रब्बी घरात आलेली असते आणि खरिपाची धावपळ लागलेली नसते. त्या दिवसांत समुद्र बहुधा शांत असतो. ऊन असतं, दमट हवेने अंग चिकचिकतं, पण परभणीत पारा चाळिशीच्या पुढे असताना तिथे तो तिशी-बत्तिशीत असतो. लग्नसराई आडवी येईल, हे मला माहीत आहे. दोन ठिकाणी आहेर पाठवून द्या. ज्यांच्या घरात शाळेची अडचण नाही त्यांनी जानेवारी ते मार्च धरावा, हवा सगळ्यात छान तेव्हाच, गर्दी आणि भाडं मात्र जास्त. दिवाळीच्या सुट्टीचा विचार बरेच जण करतात. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं यांचा काळ, म्हणून मी तरी तो टाळते.

आता पॅकेज. एजंटाचा कागद तुम्ही सोबत जोडलाय, तो मी दोनदा वाचला. सहा रात्रींत चार मुक्काम बदलायचे, तीन बोटींचे प्रवास, एक दिवस पहाटे तीनला उठणं. ही सहल नाही, निवडणुकीची ड्युटी आहे. तुमच्या घरातल्या बाईंना विचारा, त्या सांगतील. आपल्याकडे सहलीचं मोल 'किती ठिकाणं झाली' यावर ठरतं. ते देवदर्शनाच्या गाडीतून आलेलं आहे: अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर, परत. देवळात दर्शन झालं की काम झालं. समुद्राचं तसं नसतं. सकाळी सहाला जे पाणी गुडघ्याला लागतं ते दुपारी दोनशे पावलं मागे गेलेलं असतं. एका किनाऱ्यावर तीन दिवस राहिलं तरच तो थोडाफार कळतो. म्हणून माझा हिशेब असा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग तीन रात्री हॅवलॉक, मग दोन रात्री परत पोर्ट ब्लेअर. नील बेट सोडा. बाराटांग तर सोडाच.

बाराटांगचं कारण सांगते, कारण एजंट हमखास आग्रह धरतात. चुनखडीची गुहा बघायला पोर्ट ब्लेअरहून पहाटे निघावं लागतं. वाटेत जारवा लोकांचं राखीव जंगल आहे, तिथून गाड्या फक्त ठरलेल्या वेळी, पोलीस बंदोबस्तात, ताफ्याने सोडतात. पुढे बोट, त्यापुढे चिखलमातीची पायवाट. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या ताफ्यातल्या निम्म्या लोकांचे डोळे गुहेसाठी नसतात, जंगलातून कुणी माणूस दिसतो का यासाठी असतात. जारवांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या गल्लीतून कुणी बस भरून आपल्याला बघायला आलेलं आपल्याला चाललं असतं का?

शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवण्यामागे आणखी एक गोष्ट आहे. बोटीचा आणि विमानाचा दिवस एकच कधी ठेवू नका. वारा वाढला की बोट रद्द होते, विमान तुमच्यासाठी थांबत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची परतीची पाच तिकिटं अशीच बुडाली. हॅवलॉकला खाजगी बोट दीड-दोन तासांत पोचवते, सरकारी बोट थोडी जास्त वेळ घेते पण बरीच स्वस्त. पोटात ढवळणारं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी द्यायची, सुटल्यावर नव्हे. बसायचं खालच्या मजल्यावर, मधल्या रांगांत.

नावांचा घोळ आधीच समजून घ्या, नाहीतर तिकीट हातात आल्यावर घाबराल. 2024 च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक 2018 च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं, नील शहीद द्वीप झालं. तिथले लोक आणि एजंट अजून दोन्ही नावं वापरतात. भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही, पण प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं, मुलाचंसुद्धा. बोटीलाही ते लागतं. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद आणि तिथून विमान हा तुमच्यासाठी सोपा रस्ता. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ शहरापासून लांब आहे आणि रेल्वे वेळेवर येईलच असं धरून चालू नये, म्हणून आदल्या दिवशी पोचून मुक्काम करा.

आता आई.

"मी कशाला" याचा अर्थ तुम्ही 'नको' असा घेतलात. मराठवाड्यातली कुठली माय "हो, मला न्या" असं म्हणते? तुमच्याच पत्रात आहे की दोन वर्षांपूर्वी त्या तिरुपतीच्या रांगेत सात तास होत्या आणि खाली उतरल्यावर तुमच्या मुलाचा हात धरून चालत होत्या. सात तास रांगेत उभं राहणाऱ्या बाईला दीड तास बोटीत बसवेल की नाही, याची काळजी तुम्ही करताय. मला शंका आहे की काळजी त्यांची कमी आणि तुमची जास्त आहे: आई बरोबर असली की मोकळेपणाने हुंदडता येणार नाही, बायकोला पंजाबी ड्रेस घालायला अवघड वाटेल. तसं असेल तर ते स्वतःशी कबूल करा, त्यात पाप नाही. पण गुडघ्यांवर ढकलू नका. आणि विचारताना सगळ्यांसमोर "येतेस का" असं विचारू नका. दोघंच असताना सांगा, "तुझं तिकीट काढतोय, खिडकीजवळचं काढू का?" मग काय उत्तर येतं ते बघा.

सोय फार लागत नाही. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, तिकीट काढतानाच नोंदवायची. खोली तळमजल्याची मागा. खाण्याची चिंता करू नका, डोसा, भात, शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते. एकादशी मध्ये आली तर शाबूदाणा आणि शेंगदाण्याचं कूट घरून न्या. दशम्या पहिले दोन दिवस पुरतील. एक गंमत मात्र सांगून ठेवते: एवढा पाऊस पडणाऱ्या पोर्ट ब्लेअरलाही उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढ लागते, सगळी भिस्त धनीखारीच्या धरणावर. टंचाईच्या बाबतीत आईला तिथे परकं वाटणार नाही.

माझी मावशी अंबाजोगाईची. साठी उलटल्यावर तिला पहिल्यांदा समुद्रावर नेलं, तेव्हा ती लाटेकडे पाठ करून उभी राहिली. लाट परत जाताना टाचांखालची वाळू ओढली जाते, त्याची तिला धास्ती बसली. "पायाखालचं रान सरकतंय गं," म्हणाली आणि माझं कोपर इतकं घट्ट धरलं की तिच्या हातातली बांगडी पिचकली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःहून लुगडं वर खोचलं आणि एकटी पुढे गेली. पहिल्याच दिवशी 'चला, पुढचा पॉइंट' झालं असतं तर तिच्यापुरता समुद्र म्हणजे ती धास्ती एवढाच राहिला असता. तीन रात्री म्हणते ते यासाठी.

हॅवलॉकचा राधानगर किनारा, लोक त्याला सात नंबर बीच म्हणतात, पश्चिमेकडे तोंड करून आहे. गाडीतळापासून वाळू जवळ आहे, आईला जमेल. पण एक लक्षात ठेवा, तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि मावळतो, घड्याळ मात्र आपलंच. एप्रिलअखेर पाचला उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. 'दुपारचा चहा घेऊन निघू' म्हणालात तर अंधारात वाळू तुडवाल. चारच्या आत पोचा. उगवतीसाठी काला पत्थरचा किनारा आहे.

भरती-ओहोटीचं आपल्याला अजिबात अंग नसतं, विहिरीला कुठे ती असते! रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पुनव आणि अवसेला पाण्याची चढ-उतर सगळ्यात मोठी. तिथी तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहेच, कोकणातले लोक त्यावरूनच अंदाज बांधतात. वेळा हॉटेलवाल्याला रोज सकाळी विचारा.

तुम्ही आणि मुलगा विहिरीत चांगले पोहता, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्राचं पाणी माणसाला ओढून आत नेतं आणि पोहणारा माणूस किनाऱ्याकडे तोंड करून दम जाईपर्यंत झुंजतो. ओढ लागली तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ सुटली की मग वळायचं. त्यापेक्षा सोपं म्हणजे जीवरक्षक आणि झेंडे जिथे आहेत तिथेच, कमरेइतक्या पाण्यात राहायचं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे आहेत. 2010 साली राधानगरजवळच्या एका खाडीत एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीने बळी घेतला होता. सूचनेच्या पाट्या शोभेला लावलेल्या नसतात. ओढ्याच्या तोंडाशी आणि अंधार पडताना पाण्यात उतरू नका. बायकांनी साडी-ओढणीने पाण्यात जाऊ नये, भिजलेलं कापड पायात अडकतं. लेकीला स्कूबा करायचंय, करू द्या. शिकवणारा सोबत असतो, पोहता येण्याची अट नसते, पण दमा किंवा कानाचा त्रास असेल तर तो लपवू नका. आणि ते हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका, बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं.

पोर्ट ब्लेअरला शहराचा आपला किनारा कॉर्बिन्स कोव्ह, एक संध्याकाळ पुरे. सेल्युलर जेलला मात्र घाई करू नका. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या सात बाजूंपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांना तिथे 4 जुलै 1911 ला आणलं, थोरले बंधू बाबाराव त्याआधीच तिथे होते. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. आईला चढवू नका. खाली अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, मांडलेला आहे, तो दाखवा. दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढायची सक्ती असायची. ज्या बाईने लहानपणी घाण्याचा बैल पाहिलाय तिला तो कोलू माणसाने ओढायचा म्हणजे काय, हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि भाऊ. तुम्ही विचारलंत, जावं की पुढच्या वर्षावर ढकलावं. पुढच्या वर्षी पाऊस बरा होईल, सोयाबीनला भाव मिळेल, भावाचं घर सावरेल, याची हमी तुम्ही खत विकताना गिऱ्हाईकाला देता का? लेकीची दहावी दोनदा येणार नाही. तुम्ही गेलात म्हणून त्याचं रान अधिक वाहून जाणार नाही आणि थांबलात म्हणून एक दाणा परत येणार नाही. त्याला लागेल ती गोष्ट वेगळी आहे. मार्चअखेर म्हणून तुम्ही त्याला उधारीचा फोन करणार आणि महिनाभरात तुमचा विमानातला फोटो त्याच्या मोबाइलवर येणार. हे घडलं तर त्याने काहीही म्हटलं तरी ते मी चुकीचं म्हणणार नाही.

म्हणून आधी उधारीचं ठरवा. झेपत असेल तर त्याच्या घरी जाऊन सांगा की खरीप निघेपर्यंत विचारणार नाही आणि यंदाचं बियाणंही दुकानातून ने. झेपत नसेल तर तेही स्पष्ट सांगा आणि सहलीची एक रात्र कमी करा. मग त्याच बैठकीत सांगा की लेकीला शब्द दिलाय, एप्रिलात जातोय. ही गोष्ट त्याला तुमच्या तोंडून कळायला हवी, स्टेटसवरून नव्हे. त्याच्या घरातलं एखादं पोर तुमच्या लेकीच्या वयाचं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि आणखी एक तिकीट परवडत असेल तर बघा. नसेल परवडत तर मोठेपणासाठी करू नका. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका, तसं असेल तर खुशाल पुढच्या वर्षी जा. गावाचं मी काही सांगत नाही. गाव तुम्ही नवीन फ्रीज घेतला तेव्हाही बोललं असेल.

एजंटाला फोन कराल तेव्हा चार गोष्टी लिहून घ्या: बोट कोणती आणि कुठल्या वर्गाची, बोट रद्द झाली तर त्या रात्रीचा खर्च कुणाचा, जेवण किती वेळचं धरलंय, आणि तारीख बदलली तर सूट किती कमी होते. हॅवलॉकला मोबाइलची रेंज दगा देते, एटीएम मोजकी आहेत. थोडी रोख जवळ ठेवा आणि दुकानातल्या नोकराला आधीच सांगून ठेवा.

राहिला शंख. ज्या बाईला यायचंच नाही ती देवासाठी वस्तू सांगत नाही, हे जाता जाता. पण किनाऱ्यावरून शंख, शिंपला, प्रवाळाचा तुकडा काहीही उचलून पिशवीत टाकू नका. त्यावर बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते निघतं. मग आईच्या देवासाठी आणलेला शंख तिथल्या टोपलीत टाकून यावं लागतं. पोर्ट ब्लेअरला 'सागरिका' नावाचं सरकारी एम्पोरियम आहे. आईलाच तिथे घेऊन जा, त्यांना पसंत पडेल तो घेऊ द्या, आणि पावती वरच्या खिशात ठेवा.